वाणसामानाची यादी आणि हृदयाचे आरोग्य

पन्नाशीच्या आतबाहेरचा एखादा गृहस्थ हृदयविकाराने गेला आणि त्याच्या घरी आपण समाचाराला गेलो, की "काल संध्याकाळपर्यंत तर ठणठणीत होता" हे उद्गार हमखास कानी पडतात. आणि ते काढणाऱ्यांच्या दुःखाविषयी पूर्ण आदर बाळगूनही असे म्हणणे भाग पडते, की वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्यांत तथ्य फार थोडे असते. झटका काही मिनिटांत येतो हे खरे; परंतु ज्या रोहिणीत तो घडून येतो तिच्या भिंतीत मेदाचा पहिला थर त्यापूर्वी वीस-पंचवीस, कित्येकदा तीस वर्षे आधीच बसू लागलेला असतो. कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या तीनशे अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकविश्वाला मोठा धक्का बसला होता. कारण त्या सैनिकांचे सरासरी वय अवघे बावीस असूनही शेकडा ७७ जणांच्या हृदयरोहिण्यांत या विकाराच्या कमीअधिक खुणा उघड्या डोळ्यांना दिसल्या होत्या. धडधाकट, कवायतीत तयार झालेली, कोणत्याही तक्रारीवाचून आघाडीवर गेलेली ती मुले होती. तेव्हा ज्याला आपण आकस्मिक म्हणतो, त्याची सिद्धता विशी-तिशीपासून चाललेली असते, आणि या सिद्धतेत आपल्या रोजच्या जेवणाचा वाटा फार मोठा असतो, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने वेळीच लक्षात घ्यावी या कळकळीने हा लेख लिहीत आहे.

ही सिद्धता कशी होते ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. तूप, लोणी, साय, खोबरेल, पामतेल यांत विपुल असलेला संपृक्त मेद, आणि तेल कृत्रिम रीतीने घट्ट करताना निपजणारा ट्रान्स मेद, यांच्यामुळे रक्तातील एल.डी.एल. या जातीच्या कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते. वाढलेले हे कोलेस्टेरॉल रोहिणीच्या अस्तराखाली झिरपते. शरीराच्या संरक्षक पेशी त्याच्या निवारणार्थ तेथे धाव घेतात, पण स्वतःच मेदाने भरून तेथेच अडकून पडतात, आणि अशा रीतीने तो थर वर्षानुवर्षे जाड होत जातो. मिठाच्या आधिक्याने शरीरात पाणी धरून ठेवले जाते, रक्ताचा दाब चढतो, आणि त्या दाबाखाली रोहिणीचे अस्तर अधिकच क्षत होते. पांढरा तांदूळ, मैदा आणि साखर यांचा मारा शरीराच्या गरजेपेक्षा अधिक झाला, की त्यांतील शिल्लक यकृतात मेदाच्या रूपाने साठते, ट्रायग्लिसराइडे वाढतात, हितकर मानले जाणारे एच.डी.एल. घटते, आणि पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मधुमेहाचा उंबरठा तो हाच. यांपैकी एकाही क्रियेत कळ नाही, ताप नाही, भूक मंदावणे नाही. मग एखाद्या पहाटे त्या थराचे आवरण फाटते, तेथे रक्ताची गाठ धरते, आणि हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो.

याबाबत आपण भारतीयांनी तर अधिकच सावध राहावयास हवे. बावन्न देशांतील रुग्णांची पाहणी करून इंटरहार्ट या नावाने जो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यातील दक्षिण आशियाई रुग्णांचा तपशील पुढे स्वतंत्रपणे तपासला गेला, तेव्हा असे दिसले की इतर देशांत पहिल्या झटक्याचे मध्यम वय सुमारे ५९ असताना आपल्याकडे ते ५३ च होते. कुटुंबकर्ता नोकरीत असताना, मुलांची शिक्षणे अपुरी असताना, घराच्या कर्जाचे हप्ते चालू असताना हा आघात होतो, आणि त्याचे परिणाम एका माणसाच्या प्रकृतीपुरते राहत नाहीत. मधुमेहाविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले; त्यांनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत, आणि प्रौढांपैकी शेकडा ३५ हून अधिक जणांचा रक्तदाब वाढलेला आहे.

आपल्याकडे असे का व्हावे, याच्या अनेक कारणांपैकी एकाचा शोध खुद्द पुण्यात लागला, आणि तो प्रत्येक मराठी घरात माहीत असावा असे मला वाटते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा, त्या गरोदर राहण्याच्याही आधीपासून, अभ्यास हाती घेतला. शेतावर राबणाऱ्या, अंगाने कृश अशा या स्त्रियांची बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोंच्या आतली होती. इंग्लंडातील बाळांच्या मानाने जवळजवळ पाऊण किलोने हलकी. परंतु आश्चर्य असे, की स्नायू आणि इतर अवयव लहान असूनही त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने मुळीच कमी नव्हती. वरून किरकोळ दिसणारे पण चरबीचा अंश अधिक असलेले हे शरीर पुढे थोड्याशाही अतिआहाराने मधुमेहाकडे झुकते. आणि याच अभ्यासातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: ज्या माता गरोदरपणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे वजनाने आणि लांबीने सरस निघाली. एवढे वाचल्यावर तरी, घरातील सर्वांची पाने उचलल्यानंतर उरलेसुरले पुढ्यात घेऊन बसण्याचा जो रिवाज आपल्या गृहिणींच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या बसला आहे, तो मोडला पाहिजे हे निराळे सांगावयास नको. सून गरोदर असताना तिच्या पानात पालेभाजी आणि वाटीभर दही पडते की नाही, यावर येऊ घातलेल्या जिवाची पन्नास वर्षांनंतरची प्रकृती काही अंशी अवलंबून आहे.

अशा अवस्थेत सबंध समाजाची खाण्याची सवय बदलणे शक्य आहे काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर फिनलंड देशाने दिले आहे. त्या देशाच्या पूर्वेकडील उत्तर कारेलिया या जंगलतोडीवर आणि दुग्धव्यवसायावर जगणाऱ्या प्रांतात काम करत्या वयाच्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जगात सर्वाधिक म्हणण्याजोगे होते. लोणी हे तेथील अन्न, अभिमान आणि उपजीविका. पावावर लोणी जाडसर थापावे, भाजी म्हणजे जनावरांचा चारा समजावा, मीठ सढळ हाताने वापरावे, असा तेथला दस्तूर होता. प्रांतातील लोकांनीच सरकारकडे अर्ज केला, आणि १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का या तरुण वैद्याच्या नेतृत्वाखाली तेथे एक योजना सुरू झाली. या योजनेचे मर्म असे, की तिने रुग्णांची निवड करून त्यांना पथ्य सांगितले नाही. साऱ्या प्रांताचे स्वयंपाकघर हाच तिने आपला विषय मानला. मार्था या गृहिणींच्या जुन्या संघटनेने गावोगावी स्त्रियांना एकत्र जमवून परिचित पदार्थच कमी लोण्याने, कमी मिठाने आणि अधिक भाज्या घालून करून दाखवले व सर्वांनी मिळून ते खाल्ले. कारखान्यांकडून सॉसेजातले मेद आणि मीठ घटवून घेतले. गोपालकांचे नुकसान होऊ नये म्हणून त्यांना त्या थंड हवेत येणाऱ्या बोरवर्गीय फळांच्या लागवडीकडे वळविण्याची तजवीज केली. धूम्रपानाविरुद्धची मोहीमही बरोबरीने चालली होती, ती या हिशेबातून वगळता येणार नाही. सुमारे पस्तीस वर्षांनंतर त्या वयोगटातील पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू शेकडा ८० हून अधिक घटले होते. औषधांचा त्यात हातभार होताच, परंतु मोठा वाटा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि तंबाखू यांच्या घटीचा, आणि पहिल्या दोहोंच्या मुळाशी होते ते बदललेले पान.

या उदाहरणातून जी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती अशी, की आरोग्याचा निकाल सणावाराच्या पंगतीत लागत नाही, तो रोजच्या साध्या जेवणात लागतो. शरीराचे दप्तर एखाद्या चोख फडणिशी कारकुनाने ठेवावे तसे असते: होळीची पुरणपोळी किंवा लग्नातली जिलबी तेथे नोंदली जाते खरी, पण वर्षाचा ताळेबंद बिघडवतो तो दररोज, न चुकता, लक्षातही न येता पडणारा किरकोळ खर्च. म्हणून पुरणपोळीवर तूप घ्यावे की नाही यावर वाद घालीत बसण्यापेक्षा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाण्याकडे जाणारी यादी एकदा समोर घेऊन बसावे, अशी माझी शिफारस आहे. आपण काय खातो याविषयी आपली स्मृती आपल्याला फसवते. "आमच्याकडे तेल फार कमी" असे प्रत्येक घर प्रामाणिकपणे सांगते. यादी मात्र खोटे बोलत नाही, आणि तिच्यात हृदयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या सर्व रकमा किलो-लिटरांत मांडलेल्या असतात.

मिठापासून आरंभ करू. कारण सर्वांत स्वस्त असल्यामुळे त्याचा हिशेब कोणीच ठेवीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमांपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, अशी मर्यादा घातली आहे. चार माणसांच्या घराला या हिशेबाने दिवसाला २० ग्रॅम पुरावयास हवे, म्हणजेच किलोचा पुडा सुमारे पन्नास दिवस टिकला पाहिजे. पुड्यावर तो फोडल्याची तारीख लिहून ठेवा आणि तो केव्हा संपतो ते पाहा. महिन्याच्या आत संपत असेल, तर मर्यादा ओलांडून आपण फार पुढे गेलो आहोत असे समजावे; आणि या पुड्यात लोणचे, पापड, सांडगी मिरची, वेफर, फरसाण, बिस्किटे, पाव, तयार मसाले, खारवलेली सुकी मासळी यांतून येणारे मीठ धरलेलेच नाही, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या पानाची जी डावी बाजू म्हणून आपण कौतुकाने वाढतो, तीत चव असते तसा मिठाचा मोठा भागही तेथेच असतो. लोणचे वर्ज्य करा असे मी म्हणणार नाही. मात्र ते रोज दोन्ही वेळा वाढण्याचे कारण नाही, आणि ज्या दिवशी लोणचे त्या दिवशी पापड नाही, एवढा बंदोबस्त कोणत्याही घराला झेपण्यासारखा आहे. पोळीच्या कणकेत आणि भाताच्या आधणात मीठ घालण्याची सवय ज्या घरांत असेल तेथे ती सोडावी. कालवणात मीठ असतेच. लिंबू, कोकम, चिंच, ओला नारळ, हिरवी मिरची, आले-लसूण, कोथिंबीर ही आपल्या स्वयंपाकातील सामग्री मिठाची उणीव भासू न देण्यास पुरेशी समर्थ आहे. पहिले काही आठवडे अन्न अळणी लागेल. परंतु जिव्हा ही अभ्यासाने बदलणारी वस्तू आहे, आणि दोन-तीन महिन्यांनी पूर्वीची आमटीच खारट लागू लागते.

या बाबतीत चीनच्या ग्रामीण भागात झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. सहाशे खेड्यांतील सुमारे एकवीस हजार लोकांपैकी निम्म्यांना नेहमीच्या मिठाऐवजी, चौथा हिस्सा पोटॅशियम क्षार मिसळलेले मीठ देण्यात आले. बाकी जेवणात काहीही बदल केला नाही. सरासरी पावणेपाच वर्षांनी, म्हणजे २०२१ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण शेकडा १४ ने घटलेले दिसले. असे मीठ आपल्या बाजारातही मिळते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असलेल्यांनी, आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्याला स्पर्श करू नये, कारण शरीरात पोटॅशियम साचणे हे हृदयाच्या ठोक्यांना घातक ठरू शकते.

तेलाचा हिशेब मिठाहून सोपा आणि अधिक डोळ्यांत भरणारा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारमार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाला दिवसाला २७ ग्रॅम दृश्य मेद, म्हणजे तेल, तूप, लोणी सर्व मिळून, पुरेसा मानला आहे. चार माणसांच्या घराला महिन्याकाठी हे साधारण साडेतीन लिटर होतात, आणि त्यात तूपही आले. पाच लिटरांचा डबा आणून तो महिनाभर पुरत नसेल, तर हा दाखला पुरेसा बोलका आहे. तेल कोणते, याविषयी बाजारात जितका गलबला आहे तितके त्यात गूढ नाही. आपल्याकडची शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी ही तेले चांगली आहेत. एकाच तेलावर वर्षभर न राहता ती आलटूनपालटून वापरावीत. खोबरेलात संपृक्त मेदाचे प्रमाण शेकडा ९० च्या आसपास असल्यामुळे कोकणात आणि गोव्यात ते ज्यांच्या घरी परंपरेने चालते त्यांनी त्याचा हात आखडता ठेवावा. ओल्या नारळाचा चव घातलेले कालवण आणि खोबरेलात तळलेला पदार्थ यांत अंतर आहे. तुपाविषयी सध्या जी स्तुतिस्तोत्रे ऐकू येतात ती मला पटत नाहीत. वरणभातावर चमचाभर साजूक तूप घ्यावे, पण ते त्या साडेतीन लिटरांत मोजून घ्यावे.

वनस्पती तूप मात्र घरातून हद्दपारच करावे. १९३७ पासून डालडाच्या पिवळ्या डब्यातून ते आपल्या माजघरांत शिरले, आणि साजूक तूप न परवडणाऱ्या लक्षावधी कुटुंबांनी विश्वासाने त्यात करंज्या तळल्या. त्यातील ट्रान्स मेद एल.डी.एल. वाढवितो आणि एच.डी.एल. घटवितो, असा दुहेरी अपाय करतो, हे पुढे सिद्ध झाले. जानेवारी २०२२ पासून तेल आणि मेद यांतील ट्रान्स मेदाची कमाल मर्यादा आपल्या देशात शेकडा २ एवढी ठरविण्यात आली आहे. कायद्याचा हा उपाय स्तुत्य असला तरी बेकरीतील खारी, नानकटाई आणि सुटे टोस्ट कशात केले आहेत हे गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर खारी-टोस्ट खाण्याची सवय लहान मुलांना लावूच नये. तळणीतले उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे हाही मोठा दोष होय. कढईत मुळातच तेल कमी घ्यावे, आणि उरलेले दोन दिवसांत फोडणीला वापरून संपवावे.

साखरेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती अपायकारक आहे हे सर्वांना ठाऊक आहे; ठाऊक नसते ते तिचे प्रमाण. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमांच्या आत राहिलेली बरी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून तीनदा घेतला की ही मर्यादा तेथेच ओलांडली जाते, आणि गोड पदार्थ अजून पुढे असतो. चार माणसांच्या यादीत साखर आणि गूळ मिळून महिन्याला तीन किलोंच्या आत बसले पाहिजेत. गूळ मुद्दाम लिहिला, कारण साखरेऐवजी गूळ घेतला की दोष संपला, असा समज सुशिक्षितांतही आहे. रक्तातील साखरेच्या दृष्टीने दोहोंत म्हणण्यासारखा फरक नाही.

आता धान्याकडे वळू. येथेच आपल्या आहाराचा खरा तोल गेलेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या त्याच देशव्यापी पाहणीचा आहारविषयक भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसून आले की भारतीय माणसाच्या एकूण कॅलरींपैकी शेकडा ६२ केवळ पिष्टमय पदार्थांतून आणि साखरेतून येतात, आणि प्रथिने मात्र फारच तोकडी पडतात. या अहवालातील एक निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटेल: पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे अथवा भरड धान्याचे पीठ आणले, पण पिष्टाची एकूण रक्कम तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही; मात्र पिष्टातील थोडा भाग काढून तेथे डाळी-कडधान्यांतली अथवा दुधातली प्रथिने आणली, तेव्हा तो घटला. ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, बाजरीचा उंडा यांचा मी पक्षपाती आहे. त्यांतील तंतू आतड्यात पित्तक्षारांना धरून ठेवतात आणि त्या वाटेने कोलेस्टेरॉलचा काही भाग शरीराबाहेर जातो. स्वस्त गहू-तांदळाच्या ओघात देशावरची ज्वारी पानातून मागे सरली याचे वाईटही वाटते. परंतु तीन पोळ्या आणि वर भात यांच्या जागी तीन भाकऱ्या आणि वर भात आला, तर नाव बदलले, रक्कम तीच राहिली. भाकरी आणली तर भात अर्धा करावा, आणि मोकळी झालेली जागा उसळीने भरावी.

उसळ हा शब्द मी येथे आग्रहाने वापरतो, कारण आपल्या वरणाच्या वाटीत डाळीपेक्षा पाणी अधिक असते. पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये धरली आहेत, मांसाहार करणाऱ्यांनी त्यांतील काही भाग अंडी-मासळीने भरून काढावा असे त्यात अभिप्रेत आहे. चार शाकाहारी माणसांना हे महिन्याला दहा किलो होतात. आपल्या यादीत तूरडाळ दोन किलो आणि बाकीच्या डाळी किलो-अर्धा किलो अशा लिहिलेल्या असतात, त्याची याच्याशी तुलना प्रत्येकाने करून पाहावी. मटकी, चवळी, मसूर, वाटाणा, घेवडा यांची मोड आणून केलेली उसळ, कोकणातले कुळथाचे पिठले, मराठवाड्यातील आणि विदर्भातील जवसाची चटणी, घाटावरची कारळ्याची चटणी, हे सर्व आपलेच आहे. जवसात तर हृदयाला हितकर असा ओमेगा-३ जातीचा मेद विपुल असतो. किनाऱ्यावरील लोकांना त्याच जातीचा मेद बांगडा आणि तारली या स्वस्त मासळीतून मिळतो, फक्त ती रव्यात घोळून तळण्यापेक्षा कालवणात शिजलेली बरी.

भाजी वाण्याच्या यादीत नसते, ती मंडईत. म्हणून तिचा हिशेब निराळा ठेवावा लागतो. मार्गदर्शिकेत माणशी ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे, म्हणजे चौघांना दिवसाला दीड किलोहून अधिक. आणि आपण पिशवीत पाव-अर्धा किलो घेऊन परततो. भाव परवडत नाहीत ही तक्रार खोटी नाही. पण ऋतूतला माठ, चाकवत, तांदुळजा, शेपू, अंबाडी, शेवग्याचा पाला यांच्या जुड्या अजूनही फ्लॉवर-सिमला मिरचीपेक्षा स्वस्त पडतात, आणि वेफर-फरसाणावर महिन्याला जी रक्कम जाते तीच भाजीच्या खाती वळती केली तर अंदाजपत्रक फारसे हलणार नाही. भाज्या-फळांचे मोल काय आहे हे अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या डॅश नावाच्या प्रयोगाने दाखवून दिले. ४५९ लोकांना आठ आठवडे जेवण देण्यात आले. मीठ सर्वांना सारखेच, वजनही स्थिर ठेवलेले. ज्या गटाच्या पानात भाज्या, फळे आणि कमी साईचे दूधदही अधिक होते, त्यातील रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सरासरी ११ अंशांनी उतरला. एखाद्या गोळीने साधावा इतका हा परिणाम आहे.

उपवासाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी, बरोबर बटाट्याचा कीस, वर केळ्याचे वेफर आणि दुपारी खजूर, असा उपवास शरीराला विश्रांती देत नाही. राजगिऱ्याची भाकरी, ताक, भोपळ्याची अथवा काकडीची कोशिंबीर, एखादे फळ आणि मूठभर शेंगदाणे यांवर उपवास उत्तम निभतो, आणि शास्त्रार्थालाही बाध येत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवल्याखेरीज करूच नये. साखर एकाएकी उतरल्याने येणारी मूर्च्छा जिवावर बेतू शकते.

घरात एखाद्याला रक्तदाब किंवा मधुमेह निघाला, की त्याच्यासाठी पथ्याचे वेगळे शिजवण्याची पद्धत पडते, आणि ती मला सर्वांत हानिकारक वाटते. एक तर स्वयंपाक करणारीवर दुप्पट भार पडतो. तो रुग्ण चमचमीत कालवणाच्या वासात बसून आपले फिके अन्न गिळतो, आणि दोन-चार महिन्यांत गुपचूप जुन्या वाटेला लागतो. आणि त्याच घरातील मुले, ज्यांच्या रक्तात त्याच विकाराची ओढ असण्याचा संभव अधिक, ती पूर्वीचेच अन्न खात राहतात. रुग्णाला जे हितकर तेच सर्वांना हितकर आहे. पातेले एकच असावे. ज्याला तिखट-मीठ अधिक हवे त्याने पानात वरून घ्यावे. आणि हा बदल ज्या गृहिणीने करावयाचा तिच्यावर सारी जबाबदारी टाकून पुरुषांनी निर्धास्त होऊ नये. यादी करणे, मंडईतून पालेभाजी आणून ती निवडणे, रात्री कडधान्य भिजत घालणे ही कामे त्यांनी उचलली, तर घरातील पालेभाजीचे दिवस आपोआप वाढतात, कारण पालेभाजी मागे पडते ती बहुधा निवडण्याच्या कंटाळ्याने.

सर्व कलमांवर एकाच महिन्यात हात घालू नये. पहिल्या महिन्यात मीठ आणि चहातील साखर, दुसऱ्यात तेल आणि तळण, तिसऱ्यात भात-पोळी उणी करून उसळ-भाजी वाढविणे, असा क्रम बहुतेक घरांना मानवतो. जो बदल वीस वर्षे टिकणार नाही तो महिनाभर कडकडीत पाळून उपयोग नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा आणि मद्य यांची गणना जेवणात होत नाही, पण ती चालू असता उत्तम आहाराचाही पुष्कळसा लाभ वाया जातो, आणि रोज अर्धा तास जोमाने चालण्याची जागा कोणतेही अन्न घेऊ शकत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब, रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्यावे, आणि कंबरेचा घेरही मापावा. आपल्या लोकांत पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरांच्या पुढे गेला, की वजनाचा काटा काहीही सांगो, पोटात चरबी साठली असे समजतात. आहार बदलल्यावर रक्तदाबातील उतार काही आठवड्यांत दिसू लागतो, कोलेस्टेरॉलचा सहा ते बारा आठवड्यांत, आणि मधुमेहाचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा नावाप्रमाणे तीन महिन्यांनी. त्या सुमारास पुन्हा तपासणी करून अहवाल आणि वाणसामानाच्या तिन्ही महिन्यांच्या याद्या घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळ्या कमी करावयाच्या की नाही हे त्यांना त्या आकड्यांवरून ठरवू द्यावे. आकडे सुधारले म्हणून रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे, आणि ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे त्यांनी तर ती एक दिवसही चुकवू नये.